प्रस्तावना : फाइलीच्या प्रतीक्षेत अडकलेले कर्नेल-थ्रेड

तहसील कार्यालयाच्या खिडकीशी, बँकेच्या शाखेत, बाजार समितीच्या काट्यावर किंवा लग्नाच्या चित्रफिती तयार करणाऱ्या एखाद्या स्टुडिओत संगणकाचे काम मध्येच खुंटले, की ‘मशीन हँग झाले’ एवढेच आपण म्हणतो आणि बटण दाबून ते बंद करून पुन्हा चालू करतो. या एका उद्गाराखाली किती निरनिराळे रोग एकत्र कोंबले गेले आहेत, याचा विचार करावयास खोळंबलेल्या माणसाला सवड नसते, आणि ती असावी अशी अपेक्षाही रास्त नव्हे. कधी प्रोसेसरच एखाद्या निष्फळ आवर्तनात फिरत राहतो, कधी नेटवर्क तुटते, कधी मेमरी संपते. प्रस्तुत ग्रंथाचा विषय यांपैकी एकही नाही. प्रोसेसर रिकामा आहे, मेमरी शिल्लक आहे, आणि तरीही काम तसूभर पुढे सरकत नाही, कारण कार्यप्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नेलमधील, एखादा थ्रेड फाइल वाचण्याची वा लिहिण्याची आज्ञा देऊन तिच्या उत्तराची वाट पाहत निजला आहे, ते उत्तर येत नाही, आणि त्याला उठविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही, अशी जी अवस्था, तिचे निदान, तिचा इतिहास आणि तिचा प्रतिबंध हा या ग्रंथाचा विषय होय.

ही अवस्था पाहण्यासाठी मोठ्या डेटा सेंटरची वाट धरावी लागत नाही. मंगरूळपीरच्या बाजारपेठेतील, लिनक्स चालणाऱ्या कोणत्याही साध्या संगणकावर ती दाखविता येते. ८ जीबी मेमरीच्या संगणकाला सेकंदास जेमतेम ५ एमबी लिहून घेणारा मंद पेनड्राइव्ह जोडावा आणि चित्रीकरणाची एखादी मोठी फाइल त्यावर उतरवावयास घ्यावी. प्रथम काही क्षण काम विलक्षण वेगाने झाल्याचा भास होतो, कारण लिनक्सची वहिवाटच अशी आहे की लिहावयाचा मजकूर आधी मेमरीत दाखल करून घ्यावयाचा आणि मागाहून सवडीने तो उपकरणावर पोचता करावयाचा. अशा थकीत मजकुराने उपलब्ध मेमरीचा पाचवा हिस्सा व्यापला, की मात्र लिहिणाऱ्यांना थोपवून धरण्याचा नियम लागू होतो. जवळजवळ सारी मेमरी उपलब्ध मानली तर ही थकबाकी सुमारे १६०० एमबीची होते, आणि सेकंदास ५ एमबी या गतीने ती फेडावयास ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांहून अधिक काळ लागतो. या अवधीत, सर्व लिखाण उपकरणावर पोचल्याची खात्री मागणारी ‘सिंक’ ही आज्ञा दिली तर ती परतत नाही. प्रक्रियांच्या यादीत तिच्यापुढे ‘डी’ हे अक्षर दिसते. ‘किल -९’ हा अखेरचा हुकूमही तिच्यावर चालत नाही. आणि १२० सेकंद उलटल्यावर, अमुक काम इतका वेळ अडून आहे अशी तक्रार कर्नेलच्या नोंदवहीत उमटू शकते. त्याहून क्लेशाची गोष्ट ही, की संगणकातील उत्तम, वेगवान डिस्कवर लिहू पाहणाऱ्या निरपराध प्रक्रियाही पूर्वी या एका मंद उपकरणापायी ताटकळत बसत. पुढे २००८-०९ मध्ये प्रत्येक उपकरणाचा थकबाकीतील हिस्सा निराळा मोजण्याची आणि प्रत्येकासाठी थकीत मजकूर पोचविणारा स्वतंत्र फ्लशर-थ्रेड नेमण्याची व्यवस्था लिनक्समध्ये आली, त्यामुळे रोगाची धार बोथट झाली. तो समूळ मात्र गेला नाही.

अशा प्रक्रियेला ठार का करता येत नाही, हा प्रश्न नवख्या वाचकाच्या मनात प्रथम येतो, आणि त्याचे उत्तर नीट समजले की अर्धा विषय समजला असे मी मानतो. डिस्ककडे वाचनाची मागणी नोंदविताना कर्नेल तिला मेमरीतील एक जागा नेमून देते, आणि उत्तर सिद्ध झाले की डिस्कचा नियंत्रक प्रोसेसरला न विचारता परस्पर त्या जागी मजकूर लिहितो. मागणी करणाऱ्या प्रक्रियेला मध्येच संपवून ती जागा दुसऱ्या कोणास बहाल केली, आणि डिस्कचे उत्तर त्यानंतर उशिराने आले, तर ते परक्याच्या मेमरीवर लिहिले जाईल. कोणाच्या तरी हिशेबात, कोणाच्या तरी दस्तऐवजात नकळत भलताच मजकूर शिरेल आणि त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणून जुन्या रचनाकारांनी असा दंडक घातला की उत्तर येईपर्यंत जागचे हलावयाचे नाही. तो दंडक सचोटीपोटी आलेला आहे, हे न ओळखता त्याची टवाळी करणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांनी सुचविलेले उपाय बहुधा मूळ दुखण्याहून अधिक घातक असतात.

परंतु थांबणारा रिकाम्या हाताने थांबत नाही, आणि खरा अनर्थ येथे सुरू होतो. जुन्या मामलेदार कचेरीत सगळ्या कपाटांच्या किल्ल्या कमरेला खोवून एखादा कारकून एक मिसल आणावयास दप्तरखान्यात जावा, दप्तरी जागेवर नसल्यामुळे तेथेच बसून राहावा, आणि इकडे कचेरीतील प्रत्येक कपाट कुलपात राहिल्यामुळे ज्यांना त्या मिसलीशी काडीचेही कर्तव्य नाही अशा पक्षकारांची कामे तहकूब व्हावीत, तसा हा प्रकार आहे. थ्रेडच्या हाती किल्ल्यांच्या जागी लॉक असतात. एका डिरेक्टरीचा लॉक धरून निजलेल्या थ्रेडमागे त्या डिरेक्टरीची नुसती यादी मागणारी प्रक्रियाही निजते. जर्नलमधील व्यवहार उघडा ठेवून निजलेल्या थ्रेडमागे सबंध फाइल सिस्टीम निजू शकते. म्हणून या ग्रंथात प्रत्येक ठिकाणी एकच चौकशी केलेली आढळेल : जो थांबला आहे तो कोणाच्या वतीने थांबला आहे, त्याच्या ताब्यात काय काय आहे, आणि ज्याची तो वाट पाहतो आहे त्याचे काम पुन्हा याच्यावरच तर अवलंबून नाही ना?

इतिहासाकडे वळल्यास या दुखण्याचा उगम युनिक्सच्या अगदी आरंभीच्या रचनेत सापडतो. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या त्या कर्नेलमध्ये निजणाऱ्या प्रक्रियेला एक अग्रक्रमांक दिला जाई. ठरावीक मर्यादेच्या एका बाजूचा अंक असेल तर सिग्नलने तिची झोप मोडे, दुसऱ्या बाजूचा असेल तर मोडत नसे. टर्मिनलवर कोणी कळ दाबण्याची वाट पाहणे पहिल्या वर्गात मोडे, कारण माणूस केव्हा कळ दाबील याचा नेम नाही. डिस्कची वाट पाहणे दुसऱ्या वर्गात, कारण डिस्क त्याच खोलीत, त्याच तारेवर होती, आणि ती क्षणार्धात एकतर उत्तर देई नाहीतर बिघाड कळवी. जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियातील आपल्या विद्यार्थ्यांसाठी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर लिहिलेल्या भाष्याने ही संहिता पुढे कित्येक पिढ्यांच्या हाती गेली. डिस्क क्षणार्धात उत्तर देईल हे गृहीत त्या काळी निर्दोष होते. १९८५ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस प्रचारात आणले, आणि फाइल दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या इमारतीत, नेटवर्कच्या पलीकडे जाऊन बसली; प्रतीक्षेचा नियम मात्र जुनाच राहिला. दूरचा सर्व्हर बंद पडला की त्यावरची फाइल मागणारी प्रत्येक प्रक्रिया बेमुदत निजू लागली. माझ्या मते या विषयाच्या सबंध इतिहासातील निर्णायक वळण हेच आहे, आणि नंतरचे जवळजवळ सारे प्रयत्न या एका विसंगतीला दिलेली उत्तरे आहेत.

लिनक्समध्ये या विसंगतीची अंशतः दुरुस्ती होण्यास २००८ साल उजाडावे लागले. मॅथ्यू विलकॉक्स यांच्या प्रयत्नाने २.६.२५ या आवृत्तीत झोपेचा एक तिसरा वर्ग आला : सामान्य सिग्नलने न मोडणारी, पण प्रक्रियेला संपविणाऱ्या सिग्नलने मोडणारी झोप. युक्ती मार्मिक आहे. प्रक्रिया संपणारच असेल तर तिला अर्धवट उत्तर मिळाल्याने बिघडत नाही, कारण ते वाचावयास ती उरतच नाही. परंतु हा उपाय ज्याला धनी आहे अशा प्रक्रियेलाच लागू पडतो. कर्नेलचे स्वतःचे थ्रेड, म्हणजे थकीत मजकूर डिस्कवर नेणारा फ्लशर, एनएफएसच्या मागण्या पुरविणारे सर्व्हर-थ्रेड, फाइलीलाच डिस्क असल्याचे रूप देणाऱ्या लूप उपकरणाचा थ्रेड, हे मुद्दाम मुभा दिल्याखेरीज कोणताही सिग्नल ऐकत नाहीत, आणि त्यांना बरखास्त करून काही साधतही नाही, कारण ते गेले तर त्यांचे काम करणारा दुसरा कोणी नसतो. म्हणूनच कर्नेल-थ्रेडांचा प्रश्न सामान्य प्रक्रियांच्या प्रश्नाहून वेगळा काढून त्याचा विचार करावा लागतो. येथे मागाहून करावयाचा इलाज नाही. जे काही करावयाचे ते रचनेतच.

रचनेच्या बाबतीत एका परंपरेचे म्हणणे असे की थांबूच नये. मागणी नोंदवावी, पोच घ्यावी आणि दुसऱ्या कामाला लागावे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची १९७७ ची व्हीएमएस ही कार्यप्रणाली याच तत्त्वावर उभी होती, आणि तिच्या रचनाकारांपैकी डेव्ह कटलर यांनी पुढे विंडोज एनटी सिद्ध केली तेव्हा हा वारसा तिकडे गेला. १९९४ च्या एनटी ३.५ मधील ‘कम्प्लीशन पोर्ट’ हे त्याचे परिपक्व रूप. युनिक्सच्या घराण्याला मात्र ही रीत उशिरा आणि अडखळत आत्मसात झाली. १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये नेटवर्कच्या जोडण्यांसाठी ‘सिलेक्ट’ची आणि न थांबणाऱ्या वाचनाची सोय झाली खरी, परंतु डिस्कवरील साधी फाइल सदैव तयारच असते असे त्या सोयीने गृहीत धरले, आणि आजही फाइलीबाबत तिच्याकडून तेच उत्तर मिळते. लिनक्समधील पहिली असमकालिक योजना पुष्कळ प्रसंगी नावापुरतीच असमकालिक ठरे, कारण मागणी नोंदवितानाच थ्रेड अडकून पडण्याच्या अनेक जागा तिच्यात राहिल्या होत्या. येन्स आक्सबो यांनी २०१९ मध्ये ५.१ या आवृत्तीत आणलेल्या आयओ-यूरिंगने अर्जांची एक आणि निकालांची एक अशा दोन वर्तुळाकार रांगा कर्नेल आणि प्रोग्राम यांच्यामध्ये ठेवल्या, आणि न थांबता जे जमेल ते तत्काळ करून उरलेले काम आपल्या सेवक-थ्रेडांकडे सोपविण्याची व्यवस्था केली. तिचे यश मोठे आहे. तरी थांबण्याचे काम तिच्यातही नाहीसे झालेले नाही. ते दुसऱ्याकडे गेले आहे, आणि ते कोणाकडे गेले याचा हिशेब न ठेवणारा अभियंता त्याच खड्ड्यात पुन्हा पडतो.

हे दुसऱ्याकडे सोपविणे हाच दुसऱ्या परंपरेचा मूलमंत्र : थांबणे अटळ असेल तर थांबण्यासाठीच माणसे नेमा. नोड-जेएससारख्या प्रोग्राममध्ये फाइलींच्या कामासाठी मुळात चारच थ्रेडांचा संच असतो. लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरमध्ये पुष्कळ वर्षे आठ थ्रेड ही रूढ संख्या होती. या आठांचेच उदाहरण घेऊ. एका सर्व्हरवर चार डिस्क आहेत आणि त्यांतील एकच आजारी आहे. त्या डिस्कवरील फाइलीची पहिली मागणी एका थ्रेडला अडकविते, दुसरी दुसऱ्याला. ज्या क्षणी आठवी मागणी आली, त्या क्षणी निरोगी अशा तीन डिस्कांचे ग्राहकही ताटकळले, कारण त्यांची मागणी हाती घेणारा एकही थ्रेड मोकळा उरला नाही. आठांचे चौसष्ट केल्याने हा प्रसंग पुढे ढकलला जातो इतकेच. एका आजारी उपकरणाने किती सेवक अडवून धरावेत याला मर्यादा घालणे, हा त्यावरील खरा उपाय होय, आणि आश्चर्य असे की इतकी साधी गोष्ट कित्येक नामांकित प्रणालींमध्ये आजही केलेली आढळत नाही.

याच परंपरेत एक अधिक सूक्ष्म संकट दडलेले आहे. मजकूर डिस्कवर नेणाऱ्या थ्रेडला स्वतःच्या कामासाठीही थोडी मेमरी लागते. मेमरीची टंचाई असेल तर ती मोकळी करण्यासाठी कर्नेल जुना मजकूर डिस्कवर नेऊ पाहते. आणि तो नेणारा थ्रेड तोच, जो मेमरीसाठी थांबला आहे. दोघेही एकमेकांच्या दारात बसून राहतात. एकाच यंत्रावर एनएफएसचा सर्व्हर आणि त्याचाच ग्राहक असेल तेव्हा हे चक्र कसे पुरे होते, याची चिकित्सा नील ब्राउन यांनी २०१४ च्या सुमारास फार स्वच्छपणे केली. फाइल सिस्टीममध्ये पुन्हा न शिरण्याच्या अटीवर मेमरी मागणे, अडीअडचणीसाठी मेमरीचा राखीव साठा ठेवणे, आणि तेजुन हो यांनी २०१० मध्ये नव्याने बांधलेल्या वर्कक्यू व्यवस्थेप्रमाणे नवा थ्रेड निर्माण करावयासही मेमरी नसेल अशा वेळेसाठी एक रक्षक-थ्रेड आधीच हजर ठेवणे, हे या चक्रावरचे उतारे आहेत. ग्रंथातील सर्वांत दीर्घ विवेचन याच भागाला दिले आहे, आणि वाचकाने तेथे घाई करू नये अशी विनंती आहे.

आणखी एक पक्ष मुदतीचा. इतक्या सेकंदांत उत्तर आले नाही तर अपयश कळवून मोकळे व्हावे, असे तो सांगतो. उपकरणाच्या पातळीवर हे योग्यच आहे; स्कझी डिस्कसाठी लिनक्समध्ये ३० सेकंदांची मुदत रूढ आहे, आणि ती उलटली की मागणी रद्द करणे, उपकरण नव्याने सुरू करणे असे चढत्या क्रमाचे उपाय योजले जातात. एनएफएसमधील ‘सॉफ्ट’ माउंट मात्र मी मजकूर लिहिण्याच्या कामी कधीही स्वीकारणार नाही. तेथे मुदत संपताच लिखाण फसल्याचे प्रोग्रामला कळविले जाते, आणि ते कळविणे ऐकून घेणारा, त्यावर योग्य ती कृती करणारा प्रोग्राम विरळा. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जाणकारांच्या ध्यानात आले की लिनक्समध्ये एकदा लिखाण फसून त्याची वर्दी दिली गेली की तोच मजकूर मेमरीत ‘पोचता झाला’ असा गणला जाऊ शकतो, आणि पुन्हा ‘एफसिंक’ केले असता सारे काही ठीक असल्याचे उत्तर मिळते. तेव्हापासून त्या डेटाबेसने असे अपयश आले की पुनःप्रयत्न न करता काम थांबवून जर्नलवरून नव्याने उभे राहण्याची रीत पत्करली. अडकलेला थ्रेड निदान दिसतो. खोटी पोच दिसत नाही, आणि शेतकऱ्याच्या फेरफाराची वा ठेवीदाराच्या रकमेची नोंद जेथे राहते तेथे या दोहोंत निवड करावयाची झाली तर माझा कौल अडकण्यालाच आहे.

हा विषय आज विशेष निकडीचा का, याचे कारण डिस्क पुन्हा दूर गेली आहे हे होय. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या यंत्राची ‘स्थानिक’ डिस्क बहुधा नेटवर्कच्या पलीकडे असते; एनएफएसने जी विसंगती उत्पन्न केली ती आता जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला आली आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, आणि जो कागद पूर्वी तलाठ्याच्या दप्तरातून निघे तो आता सर्व्हरच्या डिस्कवरून निघतो. खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक खोळंब्यामागे हाच रोग असतो असे मी म्हणणार नाही. जोडणी, विजेचा खंड आणि कामाचा भार ही कारणेही तितकीच खरी आहेत. परंतु पीककर्जाच्या हंगामात, पेरणी तोंडावर आलेली असताना, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा येथील माणूस एका उताऱ्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून उभा राहतो, तेव्हा त्याच्या मार्गातील जे कारण अभियंत्याच्या हाताने दूर होण्यासारखे आहे ते तरी दूर झालेच पाहिजे, या तळमळीने हा ग्रंथ लिहिला गेला आहे.

मराठी मुलुखाला हा विषय परका नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तेथे परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला. त्या कार्याचे धुरीण डॉ. विजय भटकर हे आमच्याच शेजारचे, मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचे, आणि आमचा वाशिम जिल्हा १९९८ पर्यंत ज्या अकोला जिल्ह्याचा भाग होता त्याच जिल्ह्यात जन्मलेले. व्हेरिटास या कंपनीच्या पुण्यातील केंद्रात फाइल सिस्टीम आणि डिस्कव्यवस्थापन यांवर वर्षानुवर्षे काम झाले, आणि रेड हॅटच्या पुणे कार्यालयात लिनक्सच्या अडकलेल्या यंत्रांची चिकित्सा हा अनेकांचा नित्याचा व्यवसाय आहे. इतके ज्ञान मराठी माणसांच्या डोक्यात आणि बोटांत असताना त्यावर मराठीत सलग, सांगोपांग असे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे ज्ञान परभाषेतील तुटक टिपणांतून वेचावे लागते, आणि पुष्कळदा प्रतीक्षा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच त्याची उमेद खचते.

ग्रंथकर्त्यांनी म्हणून आरंभ अगदी पायापासून केला आहे. सी भाषेचा साधारण परिचय आणि लिनक्सच्या आज्ञा चालविण्याचा सराव एवढी शिदोरी पुरे आहे. सर्व कार्यप्रणालींचा समतोल परामर्श घेण्याचा त्यांचा दावा नाही. लिनक्सवर भर आहे, विंडोज आणि सोलॅरिस तुलनेपुरते येतात, आणि भ्रमणध्वनीतील कर्नेलांचा विचार बाजूला ठेवला आहे, जो मला स्वतःला हवा होता. परंतु जे घेतले आहे ते तळापर्यंत नेले आहे. अडकलेल्या थ्रेडची पायरीपायरीची साखळी प्रॉक फाइल सिस्टीममधून कशी वाचावी, तिच्यातील कोणते नाव लॉकचे आणि कोणते उपकरणाचे हे कसे ओळखावे, आणि त्यावरून मूळ दोषी कोण हे कसे ठरवावे, याचे जे विवरण त्यांनी केले आहे ते अनुभवी माणसालाही उपयोगी पडेल.

प्रयोगांसाठी त्यांनी खर्चिक साधनांची अपेक्षा ठेवलेली नाही. जुना संगणक घ्यावा, लूप उपकरण आणि डिव्हाइस मॅपर यांच्या साहाय्याने एका फाइलीची आभासी डिस्क तयार करावी, तिच्यावर फाइल सिस्टीम मांडून ती ‘सस्पेंड’ करावी. मग तिच्याकडे गेलेली प्रत्येक मागणी रांगेत थांबते, लिहिणारी प्रक्रिया पाहता पाहता ‘डी’ अवस्थेत जाते, दोन मिनिटांनी कर्नेलची तक्रार उमटते, आणि ‘रिझ्यूम’ म्हणताच सारे काही एका क्षणात पूर्ववत होते. ही अवस्था स्वतः उत्पन्न करून स्वतः सोडविल्याशिवाय पुढील प्रकरणांकडे वळू नये, या ग्रंथकर्त्यांच्या सूचनेला माझा पूर्ण दुजोरा आहे. मात्र ज्या डिस्कवरून संगणक चालू झाला ती मूळ डिस्क कोणीही सस्पेंड करू नये. ‘रिझ्यूम’ची आज्ञा ज्या फाइलीत आहे ती फाइल मग त्याच डिस्कवरून वाचावी लागते, आणि वीज तोडण्याखेरीज मार्ग उरत नाही.

मंगरूळपीर, जि. वाशिम